हिमाचे थर वाचायला माणूस कसा शिकला

आपल्यापैकी बहुतेकांची बर्फाशी ओळख होते ती गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात. वळवाच्या पावसात अंगणात पडलेल्या गारा वेचल्या, एवढाच काय तो आकाशातून पडणाऱ्या बर्फाचा अनुभव. त्यामुळे हिमालयात हिमस्खलन होऊन माणसे दगावल्याची बातमी वाचली, की एक सोपे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. डोंगरावर फार बर्फ साठला, त्याचा भार पेलेना आणि तो खाली आला.

हे चित्र अगदीच चुकीचे नाही. पण अपुरे आहे. एखाद्या उतारावर दोन-दोन मीटर जाडीचे हिम सबंध हिवाळा मुकाट बसून राहते. शेजारच्याच उतारावर हात-दीड हात जाडीचे हिम एका माणसाच्या वजनाने तडकते आणि शेकडो मीटर रुंदीचा पट्टा घेऊन खाली धावते. वरून पाहिले तर दोन्ही उतार सारखेच पांढरेशुभ्र. मग फरक कुठे असतो?

या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. ते उत्तर कसे मिळाले आणि मिळाल्यावरही माणसे का दगावत राहिली, याची हकीकत आपण पाहू. सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. आकाशातून भुरभुरत पडून जमिनीवर साचणाऱ्या स्फटिकांना आपण या लेखात 'हिम' म्हणू आणि पाणी गोठून झालेल्या घट्ट पदार्थाला 'बर्फ'.

जुन्यावर नवे

इसवी सनापूर्वी २१८ साली कार्थेजचा सेनापती हानिबल आपले सैन्य, घोडे आणि हत्ती घेऊन आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला. ही मोहीम इतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचलेली असते. तिचे वर्णन करणाऱ्या पोलिबियस या ग्रीक इतिहासकाराने उतरणीवरच्या हालअपेष्टांबद्दल लिहिताना एक बारीक नोंद केली आहे. मागच्या हिवाळ्यातले जुने हिम तिथे कडक होऊन राहिले होते आणि त्यावर नुकतेच नवे हिम पडले होते. नवे हिम मऊ असल्याने पाय त्यात सहज रुतत; पण खालच्या जुन्या थराला लागले की घसरत. वरचे पाहून पाऊल टाकावे, तर दगा खालचा थर देई.

हिमस्खलनाच्या शास्त्राची किल्ली या नोंदीत आहे. पण पोलिबियस शास्त्र सांगायला बसला नव्हता. पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे ही किल्ली कुणी उचलली नाही.

या काळात डोंगरातली माणसे काही शिकली नाहीत असे मात्र नाही. हिम का घसरते हे त्यांना ठाऊक नव्हते; कुठून घसरते हे मात्र पक्के ठाऊक होते. स्वित्झर्लंडमधल्या आन्डरमाट या गावाच्या वरच्या उतारावर एक जंगल आहे. त्या जंगलातले झाड कुणी तोडू नये, असा लेखी नियम त्या खोऱ्यातल्या लोकांनी १३९७ साली केला. उभी झाडे हिमाला जागच्या जागी धरून ठेवतात. जंगल गेले तर गावही जाईल, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. दावोसजवळच्या एका जुन्या चर्चची डोंगराकडची भिंत नावेच्या नाळेसारखी टोकदार बांधलेली आहे. वरून लोंढा आलाच तर तो दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा, ही त्यामागची कल्पना. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या शहाणपणाची दखल युनेस्कोनेही घेतली. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या देशांतील हिमस्खलनाला तोंड देण्याच्या ज्ञानपरंपरेचा समावेश २०१८ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

या शहाणपणाला पहिल्यांदा मोजमापाची जोड दिली ती योहान कोआत्स या वनाधिकाऱ्याने. कोआत्स हा स्वित्झर्लंडच्या वनखात्याचा पहिला प्रमुख निरीक्षक. कोणत्या उतारावरून, कधी आणि केवढे हिम आले याच्या नोंदी त्याने ठिकठिकाणच्या वनरक्षकांकडून मागवायला सुरुवात केली. १८८१ साली त्याचे स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवरचे पुस्तक निघाले. १९१० सालच्या दुसऱ्या पुस्तकात तर हिम घसरण्याच्या नऊ हजारांहून अधिक वाटांची नोंद आहे. 'कुठे' या प्रश्नाचे उत्तर आता कागदावर आले. 'का' आणि 'केव्हा' हे प्रश्न तसेच राहिले.

दोन दुर्घटना

या दोन प्रश्नांची उत्तरे नसली की काय होते, हे पुढच्या बारा वर्षांतल्या दोन घटनांनी दाखवले.

पहिली घटना पहिल्या महायुद्धातली. इटलीच्या सीमेवरच्या मार्मोलाडा पर्वतावर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांची छावणी होती. कड्याच्या आडोशाला बांधलेल्या बराकींना शत्रूच्या तोफांपासून चांगले संरक्षण होते. डिसेंबर १९१६ मध्ये अतोनात हिमवृष्टी झाली. तिथल्या कॅप्टनने छावणी हलवण्याची परवानगी वरिष्ठांकडे मागितली. ती नाकारण्यात आली. १३ डिसेंबरच्या पहाटे वरचे हिम सुटले आणि अडीचशेहून अधिक सैनिक झोपेतच गाडले गेले. तोफेच्या माऱ्याचा हिशेब मांडणारी माणसे वरिष्ठांकडे होती; डोक्यावरच्या हिमाचा हिशेब मांडण्याची विद्याच तेव्हा नव्हती.

दुसरी घटना एव्हरेस्टवरची. १९२२ सालच्या ब्रिटिश मोहिमेत जॉर्ज मॅलरी, हॉवर्ड सॉमरवेल आणि कॉलिन क्रॉफर्ड हे तिघे चौदा भारवाहकांना घेऊन ७ जून रोजी नॉर्थ कोलचा उतार चढत होते. त्याआधी जोराची हिमवृष्टी होऊन गेली होती. ती थांबल्यावर त्यांनी थोडी वाट पाहिली. उन्हाने हिम बसले असेल असे त्यांना वाटले. खालच्या एका तीव्र उतारावर त्यांनी मुद्दाम हिमाची परीक्षाही घेतली. ते घसरले नाही, म्हणून ते पुढे निघाले. दुपारी दीडच्या सुमारास स्फोटासारखा आवाज झाला आणि त्यांच्या पायाखालचा उतारच चालू लागला. नऊ भारवाहक एका बर्फाच्या कड्यावरून खाली फेकले गेले. त्यांपैकी दोघे वाचले. सात जण गेले.

हे तिघे नवखे नव्हते. मॅलरीचा आल्प्समधला अनुभव दांडगा होता. नंतर त्याने या अपघाताचा दोष स्वतःकडे घेतला. मेलेल्या सातांत एकही गोरा नव्हता, याची खंत सॉमरवेलने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. निर्णय एकाने घ्यायचा आणि किंमत दुसऱ्याने मोजायची, हा प्रकार हिमस्खलनाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने विचार करायचा तो त्यांनी घेतलेल्या परीक्षेचा. एका जागी हिम टिकले, म्हणून दुसऱ्या जागी टिकेलच असे का समजावे? दोन्ही जागी खाली काय आहे हे न पाहता हे ठरवता येत नाही. आणि खाली पाहण्याची पद्धत अजून तयार व्हायची होती.

१९३६: दोन प्रयोगशाळा

ती तयार झाली दावोसला. स्वित्झर्लंडमध्ये आता डोंगरातून रस्ते, रेल्वे आणि विजेच्या तारा जात होत्या. हिवाळ्यात स्कीइंगला येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढत होती. १९३१ साली तिथे हिम आणि हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी एक आयोग नेमला गेला. दावोसहून वाइसफ्लूयोख या उंच जागी जाणारी डोंगरी रेल्वे नुकतीच सुरू होत होती. तिथेच वर, कडाक्याच्या थंडीत, १९३६ साली हिमाची प्रयोगशाळा उभी राहिली.

तिथे जमलेली मंडळी निरनिराळ्या विद्याशाखांतली होती. रॉबर्ट हेफेली हा अभियंता. ओल्या मातीचे उतार कसे खचतात याचा त्याचा अभ्यास होता. हेन्री बाडर हा स्फटिकांचा अभ्यासक. मातीवाल्याने हिमाकडे भार पेलणारा पदार्थ म्हणून पाहिले. स्फटिकवाल्याने ते एखाद्या खनिजासारखे भिंगाखाली धरले. त्यांनी हिमात जमिनीपर्यंत खड्डे खणले आणि त्याची उभी भिंत थराथराने वाचली. प्रत्येक थराचे तापमान, घनता, कणांचा आकार आणि कडकपणा त्यांनी टिपला. कडकपणा मोजण्यासाठी हेफेलीने ठरावीक वजन आपटून हिमात ठोकत नेण्याची एक कांब तयार केली. प्रत्येक ठोक्याला ती किती आत जाते, यावरून कुठला थर मजबूत आणि कुठला पोकळ हे कळे. १९३९ साली या गटाने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिम आणि त्याचे रूपांतर हाच त्या ग्रंथाचा विषय होता.

योगायोग असा, की त्याच १९३६ साली जपानमध्ये, साप्पोरोच्या विद्यापीठात, उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाने जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार केला. त्यासाठी त्याने वापरला होता सशाचा एक केस! तापमान आणि बाष्प बदलले की स्फटिकाचा आकार बदलतो, हे त्याने दाखवून दिले. आकाशात स्फटिक कसा जन्मतो हे नाकायाने शोधले, तर जमिनीवर पडल्यावर त्याचे काय होते हे दावोसच्या मंडळींनी.

पडल्यानंतर हिम बदलते

काय होते ते आता पाहू. आपण समजतो, हिम पडले की तसेच राहते आणि उन्हाळ्यात वितळते. प्रत्यक्षात ते सारखे बदलत असते.

डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवल्या की न वितळताच उडून लहान होत जातात, हे आपण पाहतो. बर्फाचेही तसे होते. स्फटिकाच्या टोकदार भागांवरून बाष्प निघून जाते आणि सपाट, खोलगट भागांवर पुन्हा गोठते. हिमाच्या थरात वरपासून खालपर्यंत तापमान जवळपास सारखे असेल, तर नाजूक सहा हातांचे स्फटिक काही दिवसांत हात गमावून गोलसर होतात. शेजारच्या कणांमध्ये बर्फाचे बारीक सांधे तयार होतात. थर घट्ट होतो, मजबूत होतो.

पण वर आणि खाली तापमानात मोठा फरक असेल तर? जाड हिमाखालची जमीन साधारण शून्य अंशाला असते, कारण हिम हे पांघरुणासारखे काम करते. वरची हवा मात्र उणे वीस अंश असू शकते. खालच्या उबदार कणांवरून निघालेले बाष्प वर चढते आणि थंड कणांना खालून चिकटते. त्यातून कोनदार, पैलूदार, मोठे कण तयार होतात. त्यांच्यात सांधे जवळपास नसतात. हातात घेतले तर ओंजळीतून साखरेसारखे सुटतात. ढोबळ नियम असा, की दर मीटरला तापमानातला फरक दहा अंशांपेक्षा जास्त झाला की असे साखरहिम बनू लागते.

आता वर्गात फळ्यावर एक साधा भागाकार करू. खाली शून्य, वर उणे वीस. हिमाची जाडी दोन मीटर असेल, तर फरक दर मीटरला दहा अंश. जाडी फक्त अर्धा मीटर असेल, तर दर मीटरला चाळीस अंश! म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडेसेच हिम पडले आणि मग आठवडेच्या आठवडे निरभ्र, कडक थंडी पडली, तर तेवढे थोडे हिम तळापर्यंत साखरेसारखे होऊन बसते. पुढे जानेवारीत त्यावर मोठी हिमवृष्टी होते. वाऱ्याने दाबलेले नवे हिम फरशीच्या लादीसारखे एकसंध होते. मजबूत लादी, आणि तिच्याखाली साखरेचा पाया. थोडे हिम म्हणजे थोडा धोका, असे म्हणावे तर ते इथे उलटते.

असाच दुसरा एक फसवा थर असतो. निरभ्र रात्री हिमाच्या पृष्ठभागावर हवेतले बाष्प थेट गोठून पिसांसारखे नाजूक स्फटिक वाढतात. सकाळच्या उन्हात ते फार सुंदर चमकतात. पुढच्या हिमवृष्टीत ते हलक्या हाताने झाकले गेले, की तोच पुढे कित्येक दिवस दबा धरून बसलेला कमकुवत थर होतो.

हिमावर चालणाऱ्या माणसाचे वजन लादीतून खाली पोचते. एका ठिकाणी कमकुवत थर चेपला, की तिथे सुरू झालेली भेग क्षणार्धात दूरवर पसरते. उतार साधारण तीस अंशांहून जास्त असेल, तर सबंध लादी सुटते. सपाटीवर उभ्या असलेल्या माणसालाही पायाखाली थर बसल्याचा 'धप्' असा दबका आवाज कधी कधी ऐकू येतो. तो आवाज म्हणजे धोक्याची सर्वांत स्पष्ट सूचना. ओरडल्याने हिम कोसळते हा समज मात्र कित्येक शतके चालत आला असला, तरी खरा नाही. माणसाच्या आवाजाचा दाब त्यासाठी कितीतरी पटींनी अपुरा पडतो.

गावे सुरक्षित झाली

दावोसला १९४२ साली हिमस्खलन संशोधन संस्था स्थापन झाली. १९४५ पासून तिथून लोकांसाठी हिमस्खलनाच्या धोक्याची वार्तापत्रे निघू लागली. तरीही १९५०-५१ च्या हिवाळ्याने आल्प्सला हादरवले. एकट्या स्वित्झर्लंडमध्ये शंभरच्या आसपास माणसे गेली. साडेपाचशे वर्षांपासून जंगल जपणाऱ्या आन्डरमाटमध्येही तेरा जण दगावले. जंगल एका उतारावर होते; हिम अनेक उतारांवरून आले.

या धक्क्यानंतर मोठे काम सुरू झाले. हिम सुटते तिथेच ते अडवून धरण्यासाठी उतारांवर पोलादी आडोशांच्या रांगा उभ्या राहिल्या. गावांचे धोक्याचे नकाशे तयार झाले आणि लाल पट्ट्यात घर बांधायला बंदी आली. रस्ते वेळेवर बंद करण्याची शिस्त लागली. अमेरिकेत युटा राज्यातल्या आल्टा येथे माँटी ॲटवॉटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग काढला. धोकादायक उतारावर सुरुंग किंवा तोफगोळा टाकून, माणसे नसताना हिम मुद्दाम पाडायचे. मार्मोलाडावर ज्या तोफांची भीती होती, तसल्याच तोफा इथे माणसाच्या रक्षणासाठी वापरात आल्या.

या सगळ्याचा कस लागला फेब्रुवारी १९९९ मध्ये. पुन्हा तशीच प्रचंड हिमवृष्टी झाली. स्वित्झर्लंडमध्ये वस्ती आणि पाहुणे दोन्ही कितीतरी वाढलेले असूनही बळींची संख्या १९५१ पेक्षा खूपच कमी राहिली. पण शेजारच्या ऑस्ट्रियात, २३ फेब्रुवारीला गाल्ट्युर गावावर आलेल्या लोंढ्यात ३१ जण मेले. जी घरे मोडली त्यांतली काही नकाशावरच्या सुरक्षित पट्ट्यात होती. नकाशे जुन्या नोंदींवरून बनवलेले होते. आणि नोंदींत नसलेले घडूच शकत नाही, असा काही निसर्गाचा नियम नाही. यानंतर नकाशे नव्याने तपासले गेले. गाल्ट्युरमध्ये आता डोंगराच्या बाजूला एक भक्कम भिंत आहे आणि त्या भिंतीतच या घटनेची आठवण सांगणारे संग्रहालय.

कळते, पण वळत नाही

गावे सुरक्षित होत गेली, तसे अपघातांचे स्वरूप बदलले. आज युरोपात आणि उत्तर अमेरिकेत हिमस्खलनात मरणाऱ्यांपैकी बहुतेक जण घरात झोपलेले नसतात. ते हौसेने, आखलेल्या वाटा सोडून दूरच्या डोंगरात गेलेले स्कीपटू आणि गिर्यारोहक असतात. आणि अशा प्राणघातक अपघातांपैकी दहातल्या नऊ वेळा हिम सुटते ते त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनाने. हिम माणसावर चालून येत नाही. माणूसच ते सैल करतो.

गाडले गेल्यावर वेळ फार थोडा असतो. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून १९९४ साली केलेल्या हिशेबात असे दिसले, की पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९२ टक्के वाचतात. पस्तीस मिनिटांनंतर हे प्रमाण ३० टक्क्यांवर येते. पुढच्या अभ्यासांनी तर सुरक्षित मिनिटे याहूनही कमी असल्याचे दाखवले आहे. बाहेरून मदत येईपर्यंत ही मिनिटे संपलेली असतात. म्हणून डोंगरात जाणारे अंगावर रेडिओ-संकेत देणारे छोटे यंत्र बांधतात आणि पाठीवर फावडे व शोधण्याची लांब काठी नेतात. वाचवू शकतात ते बरोबरचेच.

धोका सांगण्यासाठी युरोपात १९९३ पासून एक ते पाच अशी समान मापनश्रेणी आहे. आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. सर्वाधिक मृत्यू पाचव्या किंवा चौथ्या पायरीला होत नाहीत. ते होतात तिसऱ्या पायरीला. चौथ्या-पाचव्या पायरीला माणसे घरी थांबतात. तिसऱ्या पायरीला आकाश निळे असते, हिम ताजे असते आणि 'जमेल' असे वाटते.

अमेरिकेतल्या इयन मॅकॅमन या अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ अपघातांची छाननी केली. सापडलेल्यांत हिमस्खलनाचे प्रशिक्षण घेतलेले पुष्कळ होते. धोक्याची चिन्हे समोर होती. त्यांना ती ओळखता येत होती. मग चुकले कुठे? मॅकॅमनने दाखवलेली कारणे आपल्या ओळखीची आहेत. 'ही वाट माझ्या पायाखालची आहे.' 'इतके आलो, आता परत काय फिरायचे?' 'तो जाणकार आहे, तो म्हणतो तर ठीकच असेल.' 'पुढचे लोक गेले की!' रस्त्यावरचा पुराचा पूल ओलांडताना किंवा परीक्षेत उत्तर पक्के करतानाही आपण याच आडाखे बांधण्याच्या सवयीने चालतो. एरवी ही सवय उपयोगी पडते. पण डोंगरावरून नव्याण्णव वेळा सुखरूप परतलेल्याला त्या नव्याण्णव वेळांनी काहीच शिकवलेले नसते. कदाचित प्रत्येक वेळी तो थोडक्यात वाचलेला असतो.

आपला हिमालय

हिमालयात ही हकीकत आणखी गुंतागुंतीची होते. पीर पंजाल रांगेत हिम भरपूर पडते आणि हवा तुलनेने उबदार असते. काराकोरमच्या बाजूला हिम थोडे आणि थंडी भयंकर. आपला मघाचा भागाकार आठवला, तर काराकोरममध्ये साखरहिम का जास्त, हे विद्यार्थीही सांगू शकतील. म्हणजे एका जागेचा अनुभव दुसऱ्या जागी जसाच्या तसा चालत नाही.

आपल्याकडे या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९६९ साली मनालीला सुरू झाला. संरक्षण संशोधन विकास संघटनेची हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था तिथे उभी राहिली. २०२० साली ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापना या नावाने काम करू लागली. संस्था असूनही मार्च १९७९ मध्ये लाहौल खोऱ्यात हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. रोहतांग खिंड बंद झाली की हे खोरे तेव्हा कित्येक महिने जगापासून तुटत असे. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून ती कोंडी फुटली. मात्र हिवाळ्यात तिथे जाणाऱ्यांची संख्याही त्यामुळे वाढली आहे.

८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला प्रशिक्षण घेणाऱ्या लष्करी तुकडीतले १७ जण हिमस्खलनात गेले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थींची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या शिखराजवळ पोचली असताना हिमस्खलन झाले. सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले. दोघे सापडलेच नाहीत. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी तरुण-तरुणी अशा प्रशिक्षणांना आणि हिमालयातल्या पदभ्रमणांना जातात. सह्याद्रीत कातळ, निसरडे गवत आणि धुके वाचायला ती शिकलेली असतात. हिमाची लिपी त्यांच्यासाठी नवी असते. म्हणून हा विषय परक्या देशाचा समजून सोडून देता येत नाही.

वर्गात करून पाहा

दोन हात लांबीची एक फळी घ्या. तिच्यावर खरखरीत पॉलिशपेपर चिकटवा. त्यावर बोटभर जाडीचा मैद्याचा थर हलकेच थोपटून बसवा. फळीचे एक टोक सावकाश उचला आणि मैदा कोणत्या कोनाला सुटतो ते कोनमापकाने मोजा. आता पुन्हा तसेच करा; पण या वेळी पॉलिशपेपरवर आधी साखरेचा पातळ थर पसरा आणि त्यावर मैदा थोपटा. कोन किती बदलला? मैदा सुटताना कसा तुटला: भुरभुरत, की तुकड्या-तुकड्यांनी? प्रयोग पाच-सहा वेळा करा. आकडे दर वेळी थोडे वेगळे येतील. त्यांची सरासरी काढाच. पण सर्वांत कमी कोन कोणता आला हेही लिहून ठेवा. डोंगरात जाणाऱ्याला सरासरीपेक्षा तोच महत्त्वाचा.

शेवटी, विद्यार्थ्यांची पाठ वळलेली असताना फळीच्या फक्त एका अर्ध्या भागात मैद्याखाली साखर घाला. मग त्यांना पुढे बोलावून विचारा, की कोणत्या बाजूवरून चालत जायचे? ती मुले फळीभोवती फिरतील, वाकून पाहतील, एकमेकांना विचारतील, कुणीतरी ठामपणे एक बाजू दाखवेल आणि बाकीचे बहुधा त्याचे ऐकतील. 'काडीने उकरून पाहिले तर चालेल का?' असे एखादीने विचारले, तर तिला काडी द्या. आणि तिने एकाच जागी उकरून उत्तर दिले, तर तिला नॉर्थ कोलच्या उताराची गोष्ट सांगा.